चेअरमनचे पाय भाजू नयेत म्हणून

शहाऐंशी सालच्या दुष्काळात बेन्नीतुरा नदीच्या काठच्या गावांना प्यायला पाणी नव्हतं आणि त्यांच्या साखर कारखान्याला विमान होतं.

विमान म्हणजे काही फार मोठं नव्हे. चार माणसं अंग चोरून बसतील एवढं, पुढं एक पंखा, हैदराबादकडच्या कुठल्याशा बुडीत क्लबानं काढून टाकलेलं. उसावर किडीचं औषध मारायला म्हणून संचालक मंडळानं ठराव करून ते आणलं. ते येईतो ऊसच राहिला नव्हता. किडे शहाणे, ते केव्हाच दुसरीकडं गेले. संचालक मंडळ तेवढं राहिलं.

मग विमान कशासाठी, तर चेअरमनना मुंबईला जायला. मुंबईला कशासाठी, तर मंत्र्यांकडं पाण्याचे टँकर मागायला. टँकर मागायला विमानानं जाणारा माणूस जगदेवीनं जन्मात पाहिला नव्हता, आणि जो पाहिला तो नेमका तिच्याच घरातला निघाला.

चेअरमन धोंडप्पा तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो पाळण्यात होता आणि सासूनं अंथरूण धरलं होतं. सासू गेली त्या पावसाळ्यात बेन्नीतुरेला पूर आला, तेव्हा ह्याला टोपल्यात घालून, टोपलं डोक्यावर घेऊन जगदेवी छातीएवढ्या पाण्यातून अलीकडं आली होती. काठावरचे बाप्ये नुसते ओरडत उभे होते. त्या दिवसापासून पंचक्रोशीत एक गोष्ट ठरून गेली की जगदेवी कशाला भीत नाही. ती स्वतःही ते धरून चालायची. शाळा दुसरीत सुटली, सही करताना आजही जीभ बाहेर यायची, पण कोणी तिच्यापुढं चक्कर आली, जीव घाबरला असं म्हटलं की तिच्या नाकाचा शेंडा वर जायचा. घाबरणाऱ्या बायकांना ती पाणीसुद्धा डाव्या हातानं द्यायची.

धोंडप्पाला ती एरवी अरे-तुरेच करायची. फार किळस आली की मात्र चेअरमन म्हणायची.

विमान उतरायला माळावर जी पट्टी केली ती रोजगार हमीच्या बायकांनी केली. दिवसभर उन्हात खडी फोडायची, पाट्या वाहायच्या आणि संध्याकाळी मजुरीची ज्वारी घेऊन घरी जायचं. जगदेवी जीपमधून एकदा तिकडून गेली आणि घरी येऊन धोंडप्पाला म्हणाली, ह्या बायकांच्या पाठीवरून उडणार आहेस, जरा बूट काढून बस. तो हसला. पुढारी झाल्यापासून त्याला प्रत्येक गोष्टीवर हसता यायला लागलं होतं.

तर हे विमान दोनचार वेळा जाऊन आलं आणि धोंडप्पाची तक्रार सुरू झाली की पाय भाजतात. झालं होतं असं, की इंजिनाचा धूर बाहेर काढणारा सायलेन्सर पुढच्या पत्र्याला लागून खाली जात होता आणि त्या पत्र्याच्या अलीकडंच चेअरमनचे पाय. रोजगार हमीच्या बायका तापल्या दगडावर अनवाणी चालत होत्या, त्यांचे पाय भाजतात असं काही संचालक मंडळाच्या कानावर आलं नव्हतं. पण चेअरमनच्या पायांवर तातडीची बैठक झाली.

विमान चालवायला ठेवलेले मुनव्वर साहेब म्हणून हैदराबादचे एक रिटायर पायलट होते. पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं इतकं हळू की माशीलाही ऐकू जाऊ नये. त्यांनी सांगितलं की सायलेन्सर जागोजाग झिजलाय, तो बदलायलाच पाहिजे, नवा मुंबईच्या एजंटाकडून येईल, पण वेळ लागेल. धोंडप्पाला वेळ नव्हता. एवढा आपला कारखाना, एवढं आपलं वर्कशॉप, एक नळ करता येत नाही होय, असं त्यानं विचारलं आणि शरणबसप्पाकडं बघितलं.

शरणबसप्पा जगदेवीचा थोरला. सोलापूरला डिप्लोमा केलेला, कारखान्याच्या वर्कशॉपचा मुख्य. कामात वाईट नव्हता; पण काकानं पाठीवर थाप मारली की त्याच्या डोक्याचं झाकण बंद व्हायचं. त्यानं उसाचा रस उकळायच्या घरातली चांगली नळी निवडली, वाकवली, वेल्डिंग केलं आणि सायलेन्सर बसवला. तिथंच थांबला असता तर त्याला शहाणा म्हणता आलं असतं. पण नळ बसल्यावर त्याला सुधारणा सुचली.

कारखान्यात वाफेचे नळ असतात, ते कोणी उघडे ठेवत नाही. त्यांवर ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळतात, वर चुन्यासारखा पांढरा लेप देतात आणि त्यावर ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा चढवतात. त्याला लॅगिंग म्हणतात. वाफ आत तापलेली राहते आणि बाहेरून हात लावला तरी भाजत नाही. शरणबसप्पाला वाटलं, विमानाच्या नळालाही हेच करावं. काकाचे पाय गार राहतील आणि नळ आरशासारखा दिसेल. त्यानं तसं केलं. कारखान्याच्या माणसाला नळ दिसला की झाकल्याशिवाय राहवत नाही, जशी काही बायकांना भांडं दिसलं की त्यावर ताटली ठेवल्याशिवाय चैन पडत नाही.

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर त्यानंच हे सगळं आईला सांगितलं होतं, ताटात भाकरी तशीच ठेवून, हातवारे करत. आणि हसत हसत हेही सांगितलं होतं की मुनव्वर साहेब म्हणत होते, इसको हवा लगनी चाहिए साहब, ढाँकना नहीं. त्यावर काका म्हणाला, आमचे नळ कारखाना सुरू झाल्यापासून झाकलेले हायत, अजून एक फुटला न्हाय. मग मुनव्वर साहेब गप्प झाले.

“गप्प झाले म्हंजी?” जगदेवीनं विचारलं.

“म्हंजी गप्प झाले, अव्वा. पगार कोण देतं त्यांना?”

जगदेवीनं त्या पायलटला तिथंच मनातून उतरवून टाकलं. माहीत नसलेला माणूस चुकतो, त्याचं तिला काही वाटत नसे. माहीत असून जीभ गिळणाऱ्याला मात्र ती ओसरीवरही बसू देत नसे.

त्यांच्या घराण्यात एक रीत होती. बैलगाडी असो, ट्रॅक्टर असो, जीप असो, नवं काही आलं की घरातल्या थोरल्या बाईनं आधी त्यात बसायचं, मग बाकीच्यांनी. विमान जुनंच होतं, पण नवा सायलेन्सर झाला म्हणून धोंडप्पानं पूजेचा घाट घातला, कारण पूजेला फोटो निघतात. सगळे संचालक आले, उमरग्याहून फोटोवाला आला. जगदेवीनं पंख्याला विभूती लावली, नारळ फोडला आणि पुढच्या खुर्चीवर जाऊन बसली. शेजारी मुनव्वर साहेब. पंखा फिरताना फोटो पाहिजे म्हणून इंजिन चालू ठेवलं. माळावरची धूळ आत यायला लागली म्हणून दार लावलं. आणि फोटोवाला हा असा, की त्याला कॅमेऱ्यात रोल घालता येईना. तो घामाघूम होऊन डबी उघडत होता, संचालक टोप्या नीट करत होते, पुन्हा वाकड्या करत होते, आणि जगदेवी आत बसून होती.

बसल्या बसल्या तिच्या कपाळात ठोके पडायला लागले. मग कानशिलं. मग पोटात ढवळलं. पंख्यापलीकडचे संचालक तिला दोन दोन दिसायला लागले, आणि मुळात एकेकच जास्त होता. तरी ती ताठ बसली. फोटो निघाला. दार उघडल्यावर ती पंखाच्या दांडीला हात लावून क्षणभर थांबली, लुगड्याचा काठ नीट करायला थांबल्यासारखी. शरणबसप्पा पुढं आला, म्हणाला, कसं वाटलं अव्वा? ती म्हणाली, खुर्ची टोचते. आणि सरळ जीपमध्ये जाऊन बसली.

घरी येऊन ती गोठ्यामागं ओकली. त्यावर पायानं माती लोटली, तोंड धुतलं आणि सुनेला सांगितलं, मी जरा पडते, कोणी उठवू नका.

पडल्या पडल्या तिला ते डोकं ओळखीचं वाटायला लागलं. ताप नव्हता, पित्त नव्हतं, ऊन तिला कधी बाधलं नव्हतं. असं डोकं तिचं आयुष्यात एकदाच दुखलं होतं. थोरली लेक बाळंत झाली तेव्हाचे थंडीचे दिवस. खोलीची दारं-खिडक्या लावून बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली होती. जगदेवी तिच्याजवळ बसली होती आणि असंच कपाळ ठोकायला लागलं, असंच पोट ढवळलं. ती सुपारी आणायला म्हणून बाहेर आली नि दारातच खाली बसली. आत जाऊन बघते तर लेक हाक मारली तरी डोळे उघडेना. ओढून अंगणात आणल्यावर ती शुद्धीवर आली. खोलीत धूर दिसत नव्हता. वासही नव्हता म्हटलं तरी चालेल.

खोलीला अंगण होतं म्हणून ओढता आलं. वर ढगात कुठं ओढणार?

संध्याकाळी शरणबसप्पा आला तो खुशीत. सकाळी काका मुंबईला निघतोय आणि मलापण ने म्हणाला, माझ्या हातचं काम वरून कसं चालतंय बघू, असं सांगत त्यानं पिशवीत कपडे कोंबायला सुरुवात केली. जगदेवी उठून बसली. सांगायचं ते दोन शब्दांत सांगता आलं असतं: मला आत चक्कर आली. पण ते शब्द तिच्या तोंडात कधी आलेच नव्हते, त्यांची वाट कशी काढायची हेच तिला कळेना. ती म्हणाली, अमावास्या आहे. तो म्हणाला, अव्वा, अमावास्या झाली. ती म्हणाली, तुझ्या पोराला ताप आहे. पोरगं समोर लिंबाच्या फांदीला उलटं लोंबकळत होतं. ती म्हणाली, मला स्वप्न पडलं. मग तो मोठ्यानं हसला, कारण स्वप्नं सांगणाऱ्या बायांना ती दारातून हाकलते हे त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं.

“तू भ्यालीस का काय?” त्यानं विचारलं.

“भिणारी अवलाद माझी न्हाय,” ती म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडली. आपण किती मूर्ख बाई आहोत हे तिला तेव्हा कळलं. पण आपल्याहून मूर्ख माणसं घरात असल्यामुळं तिनं त्यावर जास्त वेळ घालवला नाही.

सकाळी ती जीपमध्ये त्याच्या शेजारी येऊन बसली. निरोप द्यायला येते म्हणाली.

माळावर हार, टोप्या, पेढे. विमान उन्हात चमकत होतं आणि त्याच्या पोटाखाली तो पत्रा चढवलेला नळ सगळ्यांत जास्त चमकत होता. धोंडप्पा प्रत्येक संचालकाला वाकून वाकून तो दाखवत होता, आमच्या शरणूचं काम, बाहेरच्या देशात मिळणार न्हाय. संचालक मान डोलावत होते. ह्यांना बैलाचं शेपूट दाखवून आमच्या शरणूचं काम म्हटलं असतं तरी डोलावली असती.

जगदेवी सरळ मुनव्वर साहेबांकडं गेली.

“साहेब, काल उतरल्यावर तुमचं डोकं दुखलं का न्हाय?”

त्यांनी इकडं तिकडं बघितलं. “थोडा भारी था, अम्मा. धूप होगी.”

“धूप म्हणं,” ती म्हणाली. “तुमच्या मिशा उन्हात पिकल्या का, साहेब?”

ते खाली बघायला लागले. त्या माणसाकडून काही होणार नाही हे तिनं ओळखलं. मग ती वळली आणि जमलेल्या सगळ्यांसमोर, ज्या आवाजात ती गड्यांना हाका मारायची त्याच आवाजात बोलली.

“ह्या इमानात काल मला घेरी आली. घरी जाऊन ओकले मी. धूर आत येतोय.”

कोणीतरी फिस्कन हसलं, आणि मग सगळेच हसले. जगदेवीला घेरी आली, ही गोष्ट त्यांना इतकी गोड लागली की धूर वगैरे पुढचं कोणी ऐकलंच नाही. शरणबसप्पाचा चेहरा लाल झाला. तो जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, अव्वा, माझ्या कामाची लाज काढू नको, माझ्या हाताखालची माणसं बघतायत. धोंडप्पानं हसत हसत हात जोडले. वय झालं वैनी, म्हणाला, आता घरी बसून नातवंडं खेळवा, उशीर होतोय.

जगदेवीनं त्याच्या जोडलेल्या हातांकडं एकदा बघितलं, पाय उचलला आणि विमानात जाऊन त्याच्याच खुर्चीवर बसली. पदर खोचला.

“तो पत्रा काढा. आतला नळ बघते, मग उतरते.”

सगळ्यांनी समजावून झालं. धोंडप्पानं घड्याळ दाखवलं, मंत्र्यांचं नाव घेतलं, एक संचालक तर पेढा घेऊन आला. तिचा दंड धरून तिला खाली ओढण्याची छाती तिथल्या एकाही बाप्यात नव्हती, आणि हे तिला माहीत होतं. पुराच्या काठावर उभे होते तसेच हे नुसते उभे होते.

“जोडणाऱ्याला एवढा इश्वास हाय, तर उघडायला का भितो?” ती आत बसूनच म्हणाली. हे तिनं शरणबसप्पाकडं बघून म्हटलं, आणि मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तो जीपकडं गेला, पत्रा कापायची कात्री घेऊन आला आणि विमानाखाली आडवा झाला. इतक्या रागानं त्यानं आयुष्यात काही कापलं नसेल. पत्रा सुटला. पांढऱ्या लेपाचे पोपडे गळून मातीत पडले. मग दोरी उलगडायला लागला. पहिले वेढे पांढरे होते, मग पिवळे, मग काळेभोर, आणि शेवटचा वेढा हातात येताच त्याचा भुगा झाला. शरणबसप्पा तसाच पडून राहिला. बाहेरून फक्त त्याचे बूट दिसत होते, आणि ते हलत नव्हते.

मुनव्वर साहेब वाकले. नळाला वेल्डिंगच्या शेजारून उभी भेग गेली होती. काल पूजेच्या वेळी इंजिन चाललं तेवढ्यात, आत कोंडलेल्या उष्णतेनं लोखंड जळून फाटलं होतं. त्यांनी त्या भेगेत बोट घातलं. बोट पेरभर आत गेलं.

“वाफ को अंदर रखना होता, साहब,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज ऐकू येण्यासारखा होता. “इसकी गर्मी को बाहर जाना होता. ये धुआँ सीधा अपने पाँवों के पास से अंदर आता. बादल तक भी न जाते अपन.”

एवढं ऐकून धोंडप्पाचे पाय पहिल्यांदा खरोखर गार पडले असतील. पण पुढारी माणूस. त्याला सावरायला उशीर लागत नाही. भेग बघितली होती ती काका, पुतण्या आणि पायलट ह्या तिघांनीच. संचालक आणि कारखान्याची माणसं एव्हाना कंटाळून लांब, सावलीत, पेढ्यांच्या पुड्याभोवती गेली होती. धोंडप्पानं दोरी पायानं विमानाखाली सारली आणि दाराशी येऊन, खालच्या आवाजात, लहानपणी दूध सांडल्यावर यायचा तसल्या तोंडानं म्हणाला, “वैनी, हे बाहेर गेलं तर शरणूची खुर्ची गेली. रेवणसिद्ध टपून बसलाय, त्याच्या मेव्हण्याला वर्कशॉप पाहिजे. तुमी भ्यालात म्हणून बेत रद्द झाला, एवढंच सांगू. तुमच्या पाया पडतो.”

म्हणजे चेअरमनची खुर्चीही त्यातच वाचत होती, पण ते त्यानं मध्ये घातलं नाही. रेवणसिद्ध म्हणजे पुढच्या वर्षी त्याच्याविरुद्ध उभा राहणारा संचालक, हे जगदेवीला कोणी सांगायची गरज नव्हती.

तिनं दारातून खाली बघितलं. शरणबसप्पा विमानाखालून निघून उठून बसला होता. केसांत पांढरा लेप, हात कोपरापर्यंत काळे, कात्री अजून मुठीत. तिच्याकडं बघत नव्हता. सोलापूरच्या डिप्लोम्याचा निकाल घेऊन आला होता त्या दिवशी ह्याच पोरानं तिला उचलून गोल फिरवलं होतं, आणि तिनं त्याला शिव्या घातल्या होत्या.

आता ह्या नालायकांनी केलेला घोटाळा तिच्या डोक्यावर ठेवायचा होता, आणि ती तो ठेवून घेणार होती, हे तिच्याआधी धोंडप्पाला कळलं होतं. त्यामुळं तिला त्याची जास्त किळस आली.

“सरक, चेअरमन,” ती म्हणाली. “वाटेत उभा राहू नको.”

ती उतरली. संचालकांकडं चालत गेली. तिथवरचा माळ तिला पुरापेक्षा लांब वाटला.

“मी भ्याले,” ती म्हणाली. “जाऊ देत न्हाय मी पोराला. घरी जावा सगळे.”

लोक घरी गेले, पण गोष्ट घरी राहिली नाही. आठवड्याच्या बाजारात ती येणेगूरपर्यंत गेली. धोंडप्पा एसटीनं सोलापूरला आणि तिथून रेल्वेनं मुंबईला जाऊन टँकर घेऊन आला. रेल्वेचं तिकीट असलं तरी टँकर मिळतो हे त्या निमित्तानं कारखान्याला कळलं. विमान ताडपत्री घालून माळावर उभं राहिलं. मुनव्वर साहेब हैदराबादला गेले. जाताना ते जगदेवीच्या दारात येऊन उभे राहिले होते. तिनं चहा पाठवला, बाहेरच.

शरणबसप्पा बरेच दिवस तिच्याशी बोलला नाही. वर्कशॉपमध्ये मात्र कुठलाही नळ झाकायच्या आधी तो स्वतः दोनदा फिरवून बघायचा, असं सून सांगत होती. जगदेवी म्हणाली, बघू दे, डोळे त्यासाठीच दिलेत.

टँकर आला की गावच्या आडात पाणी सोडायचे, आणि आडावर ही झुंबड. गडी माणूस पाठवला तर अर्धा हंडा घेऊन येतो म्हणून जगदेवी स्वतः जाऊन उभी राहायची. एकदा प्रेमाबाई म्हणून शेजारच्या आळीतली, जिला जगदेवीनं एका उन्हाळ्यात डाव्या हातानं पाणी दिलं होतं, ती पुढं हंडा लावून मागं वळली.

“इमानाला लई भ्यालात म्हणं, आक्का?”

बायका पोहरे धरून थांबल्या. शरणबसप्पाच्या हाताखालच्या दोन फिटरांच्या बायकाही त्यात होत्या, कान टवकारून.

“व्हय,” जगदेवी म्हणाली. “भ्याले. हंडा पुढं घे, गळतोय.”